१०७ अंशांचे काका

माणगावच्या आसपास सेकंड होम घेतलेल्यांत हापूसची कलमं लावून दर शनिवारी ती मोजणारे असतात, आणि 'विकायचंय, पण भाव येत नाही' म्हणत दरवर्षी नवा पत्रा घालणारे असतात. ते कोकणात कुठंही भेटतात. धूरवाले काका ही मात्र अलीकडची लागवड आहे.

धूरवाले काका बहुधा निवृत्त इंजिनिअर. नोकरी पिंपरी-चिंचवडला बॉयलरपाशी गेलेली, मुलगा अमेरिकेत. सुनेच्या बाळंतपणाला काकू सहा महिने तिकडे जातात, सोबत काकाही जातात. काकूंना तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते, काकांना श्वास घेण्यापलीकडे काम नसतं. मग एका रविवारी मुलगा त्यांना परसात नेऊन इलेक्ट्रिक स्मोकर दाखवतो. मुलगा नॉर्थ कॅरोलिनात असेल तर विषयच संपला. तिथं धुरावर भाजलेल्या डुकराच्या मांसावरून दोन तट आहेत. पूर्वेकडचे अख्खं डुक्कर भाजतात आणि वर व्हिनेगर-मिरची शिंपडतात. लेक्सिंग्टनकडचे फक्त खांदा घेतात आणि व्हिनेगरात टोमॅटो घालतात. एवढा बारीक वाद असलेल्या प्रांतात पुणेकराला माहेरी आल्यासारखं वाटलं नाही तरच नवल.

परतताना तो डबा सामानातून येतो. यंत्र १२० व्होल्टचं, आपल्याकडची वीज २३०. दुसरा कोणी इथंच हात टेकेल. काकांना मात्र निवृत्तीनंतर पुन्हा एकदा ट्रान्सफॉर्मर निवडायला मिळतो! "कॉइल ८०० वॉटची आहे, स्टेपडाउन १५०० चा लावलाय. मार्जिन हवं," हे पाहुण्याला चपला काढायच्या आत ऐकून घ्यावं लागतं.

आता खांदा. माणगावच्या बाजारात कोंबडी मिळते, बकरा मिळतो, सुकट-बोंबील मिळतात. डुकराचं नाव काढलं की समोरचा आधी मागंपुढं बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "रान का?" इथल्या जुन्या खोडांचे रानडुकराच्या आठवणीनं अजून डोळे मिटतात, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते आठवणीतच राहिलेलं बरं. काका घाईघाईनं म्हणतात, "नाही हो, फार्मचं! बिल आहे!" म्हणजे पुण्याच्या कॅम्पातून आणलेलं. ताम्हिणी उतरताना वळणावर कलंडू नये म्हणून आइसबॉक्सला सीटबेल्ट लावलेला असतो. काकूंनी लावलाय का, हे निजामपूरला आठवतं.

बॅगेतून आणलेल्या हिकरीच्या ढलप्या संपल्या की काका वखारीत जातात. साग नको, पॅकिंगच्या खोक्याचं पाइन तर मुळीच नको, राळेच्या धुरानं मांस कडू होतं. प्लायवूडचा तुकडा चुकूनही नको, त्यात गोंद असतो. आंब्याच्याच हव्यात, आणि कोरड्या. वखारवाला सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, "होम कधी आहे?" काका 'रविवारी' म्हणून मोकळे होतात.

शनिवारी रात्री खांद्याला मीठ, गूळ, मिरी, तिखट चोळलं जातं. पहाटे चारला यंत्र १०७ अंशांवर. हा १०७ म्हणजे अमेरिकेतला २२५ फॅरनहाइट. काकांनी तो सेल्सिअसमध्ये आणला, पण दशमान पद्धतीला शोभेल असा १०५ किंवा ११० करायची त्यांची छाती नाही. आणि इथून खरी पंचाईत सुरू होते. इलेक्ट्रिक स्मोकरची खुबी अशी की माणसाला काही करावं लागत नाही. उष्णता थर्मोस्टॅट सांभाळतो, मधूनमधून मूठभर ढलप्या घातल्या की झालं. ज्यानं पस्तीस वर्षं बॉयलर सांभाळला, त्याच्या हातात मांसात खुपसलेल्या काट्याचा आकडा वाचणं एवढंच उरतं. तो ते काम तीन माणसांचं असल्यासारखं करतो. झाकण कोणी उघडायचं नाही, डब्याजवळून जोरात चालायचं नाही, आणि धूर पातळ निळसर आहे ना हे अंगणाच्या तिन्ही बाजूंनी तपासायचं. पांढरा भसाभसा आला तर ढलप्या नीट जळत नाहीत. दर उन्हाळ्यात राब भाजणाऱ्या गावाला धुराचं कौतुक नसतंच. गडी एकदा येऊन डब्याकडे बघतो आणि म्हणतो, "काका, एवढासाच धूर?"

दुपारी काटा ७० च्या आसपास येतो आणि बसतो. दोन तास, तीन तास, हलत नाही. बोलावलेले पाहुणे एकला आलेले असतात आणि शेंगदाण्यांची दुसरी बशी संपत आलेली असते. काकूंनी मागच्या दारानं पिठलं टाकलेलं असतं. काकांचा चेहरा मात्र उजळतो, कारण आता समजावून सांगायला मिळतं. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडत असतं, आत येणारी उष्णता त्यातच खर्ची पडते; माठातलं पाणी गार होतं तेच हे. पाणी सरलं की काटा पुन्हा चढेल. खांद्यातले चिवट तंतू विरघळून मऊ व्हायला ९५ पर्यंत जावंच लागतं. तेवढ्यात वीज जाते. झाकण न उघडता धीर धरायचा असतो, पण काका डब्यावर सतरंजी घालतात.

त्याच संध्याकाळी शेजारच्या शेतात पोरांची पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा-मीठ, अंडी, बटाटे, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. वर पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं, भोवती जाळ. काकांचा काटा ७१ वरून ७३ वर येईस्तोवर पोपटी लागते, शिजते आणि निघते. काका तिथंही दुसरा थर्मामीटर घेऊन हजर असतात. पोरगा मडक्यावर पाण्याचा हबका मारतो, चर्र करून पाणी उडतं. "झाली," तो म्हणतो. "पण आत किती?" काका विचारतात. "आत कोंबडी हाय, काका." पाहुणे या शेंगांवर तुटून पडतात, काकाही चार खातात.

रात्री नवाच्या सुमाराला खांदा बाहेर येतो. वरची साल काळीकुट्ट, बोटानं टकटक वाजेल अशी. काका फळीसारखं चपटं हाड दोन बोटांत धरून ओढतात आणि ते मांसाचा कणही न चिकटता अलगद निघून येतं. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे येतं ते मुलाच्या लग्नाच्या फोटोतही नाही. मांस काट्यानं नुसतं उलगडत जातं. लगेच ते माफी मागतात, की कडेला गुलाबी वर्तुळ आलेलं नाही. ते जळत्या लाकडाच्या धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडनं येतं आणि विजेच्या डब्यात तेवढं तयारच होत नाही. पाहुण्यांपैकी कुणालाही असं वर्तुळ असतं हे ठाऊक नसतं. ते ठाऊक झाल्यावर प्रत्येकाला ते नसल्याचं थोडं वाईट वाटू लागतं.

काकांचा आग्रह बनपावाचा. पण काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या टाकलेल्या असतात, आणि व्हिनेगर संपलंय म्हणून मांसावर कोकमाचं आगळ आणि ठेचलेली मिरची. लेक्सिंग्टनवाल्यांनी काय म्हटलं असतं कोण जाणे. माझं मत विचाराल तर बन डब्यातच राहू द्यावेत.

धूरवाल्या काकांनी यंदा थंडीत माणगावला बोलावलं तर जरूर जा, मांस खरोखर चांगलं असतं. मात्र 'एकला या' म्हणाले तरी मुक्कामाच्या तयारीनं जा, वाटेत निजामपूरला पोटभर खाऊन घ्या, आणि ट्रान्सफॉर्मर किती वॉटचा आहे ते स्वतःहून विचारू नका.