विषय : हार मिळणेबाबत

बिद्रीत नुसतं 'मामा' म्हटलं की हात आपोआप जोडले जातात, कारण आदमापूरचे संत बाळूमामा जवळच. म्हणून फुलवाल्या मामांना गावानं वेगळं नाव ठेवलंय : बाबतमामा. उभी नोकरी एका कचेरीत आवक-जावक रजिस्टरवर गेली. निवृत्तीनंतर गारगोटी रोडला हारांचं दुकान टाकलं, पण हाताचं वळण काही सुटलं नाही. फळ्यावर भाव लिहायचा तर 'झेंडू : दर कमी झालेबाबत'. उधारीवाल्याला चिठ्ठी, 'मागील बाकी अदा न केलेबाबत'. मामी चार दिवस माहेरी गेल्या, तेव्हा शटरवर कागद झळकला : 'चहा वेळेत न मिळणेबाबत'.

दुकान मात्र जोरात. अमावास्येला आदमापूरची गर्दी, उन्हाळ्यात लग्नसराई, आणि बिद्रीच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरला पहिल्या खेपेचा हार ठरलेला. पण गावची निम्मी पोरं पुण्या-मुंबईला. घरच्या सत्यनारायणाला, आईच्या एकसष्टीला ती तिथूनच फुलं सांगतात. म्हणून आयटीतल्या भाच्यानं मामांना गिऱ्हाइकांना मेल पाठवायला शिकवलं. मेलच्या डोक्यावरचा 'सब्जेक्ट' हा रकाना बघून मामांचे डोळे भरून आले. "लेका, हा तर आमचा 'विषय' हाय! जगभर पोचला म्हणायचा."

पहिली ओळ मामांनी अर्धा दिवस घोटली : 'सप्रेम नमस्कार वि. वि. आमचे येथे श्रीकृपेकरून ताजी शेवंती आलेबाबत'. फोनच्या पडद्यानं ती 'श्रीकृपे'वरच कापली. संध्याकाळपर्यंत तिघांनी फोन करून विचारलं, "मामा, लगीन कुणाचं? आम्हाला आधी कळवायचं न्हाई व्हय?"

भाच्यानं मग शिकवणीच लावली. फोनवर जेमतेम 35-40 अक्षरं दिसतात, तेव्हा कामाचा शब्द आधी. सगळी अक्षरं मोठ्या लिपीत लिहू नयेत, वाचणाऱ्याला ओरडल्यासारखं वाटतं. "आपल्यात मोठी लिपीच न्हाई," मामा म्हणाले, "म्हणून तर मी उद्गारचिन्हं चार देतोय." भाच्यानं इतिहासही सांगितला : 1978 साली अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्यानं कॉम्प्युटर खपवायला सुमारे 400 जणांना एकदम मेल धाडला. पत्ते इतके झाले की वरच्या रकान्यात मावेनात, उरलेले खाली मजकुरातच सांडले. लोक भडकले. मामांना थर्कच्या विक्रीशी देणंघेणं नव्हतं. "जावक रजिस्टर ठेवलं असतं," ते हळहळले, "तर एक पत्ता सांडला नसता."

भाच्याचा शेवटचा धडा, घाई लावा. दुसऱ्या दिवशी निशिगंधाचा माल पडून होता. मामांनी ओळ सोडली : 'शेवटचे काही तास उरले!!!!' आता ही ओळ चपलांच्या दुकानातून आली तर माणूस चप्पल बघतो. हारवाल्याकडून आली तर काय बघेल? पुण्याचं एक गिऱ्हाईक रात्रीच गाडी काढून निघालं, पहाटे गावातल्या घराच्या दारात हजर. म्हातारी आई सडा घालत होती. "असा अवचित कसा रं आलास?" तिनं विचारलं. पोराला काय सांगावं सुचेना. त्यानं गाडीतून मामांना फोन लावला आणि जे सांगितलं ते इथं छापता येत नाही.

पण खरा विषय हार्ड झाला तो एका सोसायटीच्या निवडणुकीत. दोन्ही पॅनेलनी मामांकडं जेसीबीनं उचलायचे हार सांगितले होते. निकालाच्या आदल्या रात्री मामांनी दोन्हीकडं एकच ओळ लिहिली : 'तुमचा हार तयार आहे'. फोन हुशार निघाला. त्यानं 'तुमचा'चं 'तुमची' करून दिलं, आणि 'तुमची हार तयार आहे' ही ओळ दोन्ही पॅनेलप्रमुखांच्या फोनवर रात्री अकराला वाजली. अर्ध्या तासात दोन्ही पॅनेल दुकानासमोर. अख्ख्या प्रचारात ती पहिल्यांदाच एका जागी, एका मताची झाली. मामांनी शटरच्या फटीतून व्याकरण समजावलं : "हार पुल्लिंगी असंल तर गळ्यात पडतो, स्त्रीलिंगी असंल तर पदरात पडती. फोनला लिंग कळत न्हाई, त्यात माझा काय दोष?"

भाचा म्हणाला, "मामा, अमेरिकेत 2003 चा कायदाच आहे. धंद्याच्या मेलला विषयाच्या ओळीत फसवाफसवी चालत नाही." मामा म्हणाले, "तिकडं कायदा लागतोय. इथं गिऱ्हाईक दुकानातच येऊन उभं राहतंय."

त्यानंतर मामांनी सगळे उपदेश दप्तरदाखल केले. पुढच्या अमावास्येच्या आदल्या दिवशी मेल आला, तो मलाही आला : 'उद्या अमावास्या : हार सांगून ठेवणेबाबत'. एकही उद्गारचिन्ह नाही. कुणाचं लगीन नाही, कुणाचे शेवटचे तास नाहीत. दुपारी दुकानावरून गेलो तर झेंडूच्या पाट्या पालथ्या घातलेल्या, आणि मामा सुई-दोरा घेऊन सांगितलेले हार ओवत बसलेले.

मला वाटतं, विषयाच्या ओळीची सगळी विद्या एवढीच. त्या ओळीत विषय असावा. कामाचा शब्द आधी घ्यावा, नमस्कार आत घालावा, आणि जे मेलात आहे तेच दारावर लिहावं. एवढं जमलं तर शेवटी 'बाबत' लावलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. फक्त हाराचा विषय असेल तर पाठवण्याआधी काना आणि वेलांटी एकदा तपासून घेणेबाबत ही नम्र विनंती.