भिंतीपलीकडचा वासू

"काल रात्री पाहिलास का गं?" शेजारच्या मामींनी भिंतीवरून विचारलं तेव्हा माझ्या हातात चिमट्यांचा डबा होता आणि त्यांच्या हातात विळी. म्हणजे दोघींनाही वेळ नव्हता. त्यामुळे पाऊण तास सहज गेला.

पाहिला, म्हणजे 'एक दुजे के लिए'. जाहिरातींसकट मध्यरात्र उलटेपर्यंत चालला होता. 1981 साली तो लागला तेव्हा मी कॉलेजात होते. मैत्रिणींबरोबर जाऊन इतकी रडले होते की घरी आल्यावर आईला वाटलं, परीक्षेचा निकाल लागला. काल मात्र डोळ्यांतून टिपूस नाही. मामींच्याही नाही. त्या तर चक्क रागावल्या होत्या.

"बघ ना," त्या म्हणाल्या, "गोव्यात दोन घरं, मध्ये आपल्यासारखीच भिंत. एकीकडे तमिळ, एकीकडे उत्तरेकडचे. दोन्हीकडचे आईबाप एकसारखे खडूस. इथपर्यंत मला मान्य. वर्षभर भेटायचं नाही ही अट दोघांना, तेही मान्य. पण त्या वर्षात हिंदीची शिकवणी कुणाची?"

वासूची. तो हैदराबादला जातो, तिथे ती विधवा संध्या भेटते आणि त्याला हिंदी शिकवते. मग पठ्ठ्या परत येऊन सपनाच्या आईबापांपुढे घडाघडा हिंदी बोलतो आणि ते खूश. मला 1981 मध्ये हे फार गोड वाटलं होतं. भिंतीवर कोपर टेकून ऐकताना पहिल्यांदा जाणवलं की बाई गं, ही तर तोंडी परीक्षा आहे, आणि पेपर एकाच बाजूला वाटलेत.

"त्याच्या फोटोची राख चहात घालून पिते ती पोरगी," मामी विळीवर केळफूल सोलत म्हणाल्या. "राख पिण्यापेक्षा रोज दोन शब्द शिकायचे होते. माझ्या सासूला राखेचं काय कौतुक? 'वांगो, उक्कारुंगो' म्हणाली असती तरी सासूनं कॉफी दिली असती." या, बसा, एवढाच त्याचा अर्थ.

यातली खरी गंमत मामींना माहीत नव्हती, ती मी पुरवली. ही सपना, म्हणजे रती अग्निहोत्री, हिंदीत येण्याआधी तमिळ सिनेमात नायिका होती. 1979 साली भारतीराजांच्या तमिळ चित्रपटातूनच ती पडद्यावर आली. म्हणजे तमिळशी नातं होतं ते रतीचं, पण पटकथेनं ते सपनाच्या वाट्याला काही दिलं नाही. आणि सपनाची ती कजाग उत्तर भारतीय आई कोण? आपली शुभा खोटे! "म्हणजे सगळा दोष शेवटी मराठी बाईवर," असं म्हणून मामी इतक्या हसल्या की केळफुलाचा चीक पदराला लागला.

दिग्दर्शक के. बालचंदर स्वतः तमिळ, हे विसरून चालणार नाही. त्यांनीच 1978 मध्ये ही गोष्ट 'मरो चरित्र' म्हणून तेलुगूत केली होती. तिथे मुलगा तमिळ आणि मुलगी तेलुगू, गाव विशाखापट्टणम. कमल हासन तोच. तो तेलुगू सिनेमा मद्रासमध्ये डब न करता वर्षाहून अधिक चालला, म्हणजे तमिळ लोकांनी वर्षभर तिकीट काढून तेलुगू ऐकली. मामी म्हणतात, शेजाऱ्याची भाषा शिकायला यापेक्षा स्वस्त शिकवणी नाही.

गाण्यांवरून तर आमचं भांडणच होता होता राहिलं. मी म्हटलं, त्या लिफ्टमधल्या गाण्यात सिनेमांची नावं ओवून काय धमाल केली आहे, कारण वासूला येणारी हिंदी तेवढीच! मामींना मात्र आवाजाबद्दल बोलायचं होतं. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज हिंदी गाण्याला शोभेल का, अशी संगीतकार लक्ष्मीकांत यांना शंका होती, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. बालचंदर म्हणाले म्हणे की माझा नायकच दाक्षिणात्य आहे, त्याचे उच्चार थोडे वेगळे असले तर बिघडलं कुठे? झालं काय, त्या वर्षीचं पार्श्वगायनाचं राष्ट्रीय पारितोषिक बालसुब्रह्मण्यम यांनाच मिळालं. अख्ख्या सिनेमात उच्चार न सुधारता पास झालेला माणूस एकच, तो गायक.

"आमच्या लोकांना हिंदी सिनेमात दोनच कामं," मामी म्हणाल्या. "हसवायचं नाहीतर मरायचं." हसवायचं म्हणजे 'पडोसन'. 1968 सालचा. तीही खिडकीसमोरची खिडकी, तेही शेजारपण. मेहमूदचा तो शेंडीवाला संगीत मास्तर. मला तो सिनेमा प्राणाहून प्रिय आहे आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मामी म्हणाल्या, मलाही आवडतो, मेहमूद कुणाला आवडत नाही? फक्त एवढंच सांग, त्या मास्तराला खरोखर गाता येत असून मुलगी मिळते ती दुसऱ्याच्या गळ्यावर ओठ हलवणाऱ्याला. याला न्याय म्हणतात?

यावर मी गप्प.

गप्प बसण्याचं आणखी एक कारण होतं. चाळीस-एक वर्षांपूर्वी मामी चेंबूरच्या या घरात राहायला आल्या, तेव्हा भिंतीवरून मी विचारलेलं पहिलं वाक्य होतं, "तुम्ही मद्रासी का हो?" त्या पालघाटच्या. म्हणजे केरळ. घरात तमिळ, शाळेत मल्याळम. मद्रास त्यांनी तोवर फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं होतं. त्यांनी त्या दिवशी काही दुरुस्त केलं नाही, नुसतं "हो" म्हणाल्या आणि वाटीभर मिळगापोडी भिंतीवर ठेवली. मीही वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून मेतकूट भरून दिलं. पालघाटचं मला कळायला तीन वर्षं लागली.

साठच्या दशकाच्या अखेरीला मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध लुंगी-पुंगीच्या घोषणा झाल्या, तेव्हा मामींचे यजमान माटुंग्याला शाळेत होते. त्यांच्या वडिलांनी वेष्टी नेसून स्टेशनवर जाणं बंद केलं, ते कायमचं. हे मामींनी मला एकदाच सांगितलं, तेही कढीपत्ता तोडता तोडता. आमच्या घरात तेव्हा आणि नंतरही दक्षिणेकडच्या चारही भाषांना मिळून एकच नाव होतं, यंडुगुंडू. कुणाला वाईट वाटेल असं आम्हाला वाटायचंच नाही. सिनेमावाल्यांना नावं ठेवताना हे आठवलं की घशात घास अडकतो.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याचा साखरपुडा झाला. मुलगी तमिळ, दोघं एका ऑफिसात. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, मामी भिंतीपलीकडे होत्या. आमच्या वन्संनी मुलीच्या आईपुढे, अगदी कौतुकानं, जाहीर केलं, "मद्रासी असून गोरी आहे हो!" मुलीच्या आईला मराठी येत नव्हतं. मुलीला येत होतं. तिनं हसून आईला तमिळमध्ये काहीतरी भलतंच सांगितलं आणि आईनं वन्संना हात जोडले. ते भाषांतर भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या एकट्या मामींना कळलं. पोरगी आईला म्हणाली होती, "त्यांना तुझी साडी आवडली."

मी हे आजच ऐकलं. वर्षभर मामींनी पोटात ठेवलं होतं. सिनेमाचा विषय निघाला नसता तर तसंच राहिलं असतं.

मग अलीकडच्या सिनेमांवर आलो, पण तिथे फार रेंगाळलो नाही. 2013 च्या 'चेन्नई एक्स्प्रेस'मधल्या दीपिकाच्या उच्चारांची मामींनी जी नक्कल केली ती लिहिण्यासारखी नाही. "चाळीस वर्षांत मला असं बोलताना ऐकलंस?" नाही ऐकलं. दूध उतू गेलं की मामी "अगं बाई" म्हणतात. त्यांचा "अय्यय्यो" मी फक्त पडद्यावर ऐकलाय. 2014 चा 'टू स्टेट्स' त्यांना बरा वाटतो, कारण त्यात पंजाबी मुलगा तमिळ सासुरवाडीची मनं राखायला धडपडतो आणि मुलीच्या आईच्या कामात रेवती आहे. "एकदा तरी पेपर तिकडे वाटला," इति मामी.

पण त्यांचा खरा राग 'एक दुजे'च्या शेवटावर. मलाही काल तेच खटकलं होतं, फक्त शब्द सापडत नव्हते. विचार करा, वासू हिंदी शिकून आला, सासू-सासरे विरघळले. म्हणजे भाषेचं, जातीचं, आईबापांचं जे काही भांडण होतं ते मिटलं. आणि नेमकं तेव्हा संध्याच्या भावाचे गुंड येतात आणि देवळात एक ग्रंथालयवाला सपनावर अत्याचार करतो. यातलं काय तमिळ आणि काय उत्तर भारतीय? दोघांना मारलं ते कुठल्याच संस्कृतीनं नाही, पटकथेनं मारलं. कारण ती दोघं जिवंत राहिली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या स्वयंपाकघरात काय शिजतं, सणाला कुणाच्या घरी जायचं, मुलाशी कुठल्या भाषेत बोलायचं, हे दाखवावं लागलं असतं. कड्यावरून उडी दाखवणं त्यापेक्षा सोपं.

"पुढचा भाग मी काढते," मामी म्हणाल्या. "सगळा स्वयंपाकघरात. गाणी नाहीत."

भाचेसून आता आमच्याकडे येते तेव्हा मराठीत बोलते. चांगलं बोलते, आमच्या 'ळ'लाही अडखळत नाही. 'तमिळ' म्हणताना आपण मराठी माणसं हिंदीवाल्यांसारखा 'ल' करत नाही, याचा मला उगाच अभिमान होता. मामींनी तोही उतरवला. तमिळमध्ये आपल्या 'ळ'सारखा एक आहेच, शिवाय आणखी एक आहे, ज्याला जीभ पार मागे वळवावी लागते, आणि त्यांच्या भाषेच्या नावात तोच आहे. तो घोटवण्यासाठी त्यांच्याकडे एक शब्द आहे, वाळैप्पळम. म्हणजे केळं. त्यात तो दोनदा येतो. भाचेसुनेला फोनवर एकदा तरी नीट म्हणून दाखवायचं, म्हणून मी आठवडाभर कपडे वाळत घालताना तेच बडबडते आहे.

आज चौथ्यांदा चुकले. मामींनी भिंतीवर अर्धी फणी केळी ठेवली आणि केळफुलाची भाजी करायला आत गेल्या.