पाकिटावरचं नाव

नागपुरातल्या सदरच्या रेसिडेन्सी रोडवर आता इंग्रजांचा रेसिडेंट राहत नाही. 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, मग राज्य खालसा झालं आणि दरबारावर नजर ठेवायला साहेबाची गरजच उरली नाही. रस्त्यानं मात्र नाव सोडलं नाही. माउंट रोडवर डोंगर शोधत हिंडावं तर नुसता घाम येतो, आणि नागपुरात घाम यायला डोंगर कशाला हवा! बाहेर एक नाव आणि आत भलतंच, याचं इथल्या माणसाला काही वाटत नाही. ऑटोवाला बरोबर पोचवतो.

संगणकाला हे जमत नाही. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात, कूलरमधून येणाऱ्या ओल्या वाळ्याच्या वासात, मी माझा नंबर यायची वाट बघत होतो. पुढं एक काकू होत्या. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काकू, फोटो घेऊनच नाही राहिलं ते."

"अरे बाबा, पण मीच आहे ना ती!"

होत्याच. जरीकाठाची साडी, डाव्या कानातली कुडी जराशी तिरकी, आणि फोटो काढणाऱ्यावर लटकं रागावल्यासारखे डोळे. पुण्याच्या नातीनं मेलवर पाठवलेला हा फोटो पोरानं ब्राउझरमध्ये उघडून राइट क्लिकनं उतरवून घेतला होता. उतरताना त्याच्या नावामागं '.जेएफआयएफ' असं शेपूट लागलं. अर्जाला हवं होतं '.जेपीजी'. तिथं काकूंचा चेहरा कुणी बघतच नव्हतं. सगळी चौकशी शेपटाची.

यात ब्राउझरचा दोष फारसा नाही, असं माझं मत झालं आहे. तो लग्नात आहेराची पाकिटं वहीत मांडणाऱ्या मामांसारखा आहे. वरचं नाव वाचायचं आणि लिहून घ्यायचं, पाकीट फोडून बघणं संस्कारात बसत नाही. पाठवणारा सर्व्हर सांगतो, "हे जेपेग चित्र आहे." ब्राउझर विंडोजला विचारतो, "यांच्यात शेवटी काय लावतात?" विंडोज आपली रजिस्ट्री नावाची जुनी वही उघडते. काही संगणकांवर तिथं जेपेगसमोर 'जेएफआयएफ' लिहिलेलं असतं. तेही खोटं नव्हे. जेएफआयएफ म्हणजे जेपेग चित्र फाइलमध्ये कसं ठेवायचं याची रीत, 1991-92 च्या सुमाराची. कितीतरी जेपीजी फायली नोटपॅडमध्ये उघडल्या, तर सुरुवातीच्याच कचऱ्यात ही चार अक्षरं स्वच्छ वाचता येतात. म्हणजे जे पोटात चालतं, तेच पाटीवर दिसलं की अर्ज नाक मुरडतो.

पाकीट फोडून बघणारेही झाले. जुना इंटरनेट एक्सप्लोरर त्यातला. सर्व्हरनं नीट ओळख करून दिली नाही, की तो वर्डच्या '.डॉक्स' फाइलमध्ये डोकावायचा, पहिली अक्षरं 'पी' आणि 'के' बघायचा आणि 'झिप' असं नाव ठोकून मोकळा व्हायचा. त्याचंही चुकत नव्हतं. डॉक्स ही आतून झिपच असते, आणि ती दोन अक्षरं झिपचा जनक फिल कात्झ याच्या नावाची आद्याक्षरं. 2000 साली, 37 व्या वर्षी तो गेला. सदरमधून नोकरीसाठी निघालेला डॉक्समधला प्रत्येक बायोडेटा आजही त्याच्या आद्याक्षरांनी सुरू होतो. खरं तेच सांगून माणसाची पंचाईत करणारे असे हुशार नातेवाईक असतातच. मला आपले न फोडणारे मामा बरे वाटतात.

पोरानं नाव बदलून बघितलं, पण विंडोज ओळखीची शेपटं लपवून ठेवते, त्यामुळं फाइल झाली '.जेपीजी.जेएफआयएफ'. मग त्यानं 'व्ह्यू'मध्ये जाऊन शेपटं दाखवायला लावली आणि नको ते खोडलं. विंडोजनं फाइल बिघडू शकते म्हणून धाक घातला, त्यानं न वाचता 'येस' म्हटलं. रजिस्ट्रीतली नोंद बदलली असती तर पुढच्या काकूंचा त्रास वाचला असता. पण दुपारी दोन वाजता इतकी दूरदृष्टी कुणाला?

सर्व्हरनं आधी वस्तूचा प्रकार सांगावा, ही पद्धत मुळात ई-मेलसाठी नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 1992 मध्ये बसवली. मेलवर चित्रं कुणाला हवीत, असं लोक बोरेनस्टाइनला विचारत. तो म्हणे, एक दिवस मला नातवंडं होतील, त्यांचे फोटो मला मेलवर हवेत. इथं नातीनंच आजीचा फोटो पाठवला होता. हे त्याच्या हिशेबात होतं की नाही कोण जाणे.

फोटो चढला. काकूंनी चष्मा सावरून पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बरी दिसून राहिली. मघाशी कशी थकल्यावानी वाटत होती."

पोरगा काही बोलला नाही. त्यानं फोटोचे वीस रुपये वेगळे लावले.