मांडवात बसून केलेलं काम

आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त काम मी करतो, असं गिटचं म्हणणं आहे. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद गिट ठेवतं; एकेक नोंद म्हणजे कमिट. शॉर्टलॉगचा आदेश दिला की कोणाच्या नावावर किती कमिट आहेत त्याची यादी येते. त्या यादीत मी सगळ्यांच्या वर, आणि दुसरा माणूस कुठच्या कुठे खाली. पगारवाढीच्या बोलणीला जाताना ती यादी मी छापून नेली होती. शेठनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली, "भाऊ, तमे तो मशीन छो" म्हणाले आणि वाढ दिली. सुरतेत मराठी माणसाला भाऊ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे पगाराच्या दिवशी विचारू नये.

आम्ही रिंग रोडच्या कापड बाजारातल्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. ग्रे ताका आला, डाइंगला गेला, किती मीटर आटला, दलालाला किती टक्के, असला हिशोब. पावसाळ्याच्या तोंडाला या दलालीने घोळ घातला. परत आलेल्या मालावरही दलाली चढू लागली, आणि दलालांपैकी एकानेही तक्रार केली नाही. केली ती व्यापाऱ्याने. शेठ म्हणाले, ब्लेम लावा. गिटमध्ये या आदेशाचं नाव खरोखरच ब्लेम आहे. प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला, ते तो सांगतो. दलालीच्या ओळीपुढे माझं नाव होतं. तारीख पाहिली, तर त्या दिवशी मी शहाद्याला मावसभावाच्या हळदीत. फोटो आहेत. अंगभर हळद, हातात पापड. लॅपटॉप कुठेच नाही.

कारण लगेच सापडलं, कारण ते मीच तयार केलं होतं. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा प्रत्येकावर सगळं नव्याने बसवायचा मला कंटाळा आला. एक नीट सजवला आणि त्याच्या डिस्कची नक्कल बाकीच्यांवर उतरवली. (याबद्दलही शेठनी कौतुक केलं होतं.) त्या नकलेबरोबर माझी गिटकॉन्फिग फाइलही घरोघरी गेली, माझ्या नावासकट, माझ्या मेलसकट. गिट कोणाकडे आधार कार्ड मागत नाही. कॉन्फिगमध्ये जे लिहाल तो लेखक. मनात आणलं तर लिनस टॉरवल्ड्सच्या नावानेही दलालीचा हिशोब चुकवता येईल. टॉरवल्ड्सने 2005 मध्ये गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलच्या कामासाठी. तिथे पॅच लिहिणारा एक आणि तो आत घेणारा बहुतेक वेळा दुसराच, म्हणून प्रत्येक कमिटमध्ये लेखक आणि कमिटर अशा दोन जागा असतात. आमच्याकडे दोन्ही जागी मीच बसलो होतो.

निर्दोष माणसाला फार हुरूप येतो. मी सर्व्हरवर प्री-रिसीव्ह हुक बसवला. कमिट आत येण्याआधी एक स्क्रिप्ट लेखकाचा मेल मंजूर यादीशी ताडून बघते, जुळला नाही तर दारातूनच परत पाठवते. शेठना मुद्दाम बोलावलं, सगळ्यांना पुश करायला लावलं. सगळे पास झाले. सगळे म्हणजे मीच, आणि यादीत माझं नाव पहिलं होतं.

शेठची सासुरवाडी हिऱ्यातली. ते म्हणाले, हिऱ्याच्या कडेवर लेझरने सर्टिफिकेटचा नंबर कोरतात, भिंगाखाली धरला की दिसतो, तसलं काही तुमच्यात नाही का? आहे. गिटच्या 2.34 या आवृत्तीपासून, म्हणजे 2021 पासून, एसएसएच किल्लीनेही कमिटवर सही करता येते. खासगी किल्ली ज्याची त्याच्या मशीनवर, सार्वजनिक किल्ल्यांची यादी सर्व्हरवर. नाव काहीही लिहा, सही जुळली तरच आत. या वेळी डिस्कची नक्कल केली नाही.

पुढचं निभलं, मागचं राहिलं. मेलमॅप नावाची फाइल एकाच माणसाची तीन-चार स्पेलिंगं एका नावाखाली आणते, पण एका नावाखाली कोंबलेली माणसं सुटी करणं तिला जमत नाही. लेखक बदलावा, तर त्या कमिटचा हॅश, म्हणजे ओळखीचा आकडा, बदलतो आणि त्याच्या पुढच्या प्रत्येकाचा बदलतो. सगळ्यांनी सगळं नव्याने उतरवून घ्यायचं. शेठ म्हणाले, त्यापेक्षा विचारून घ्या.

विचारलं. जीएसटीचा अवघड भाग गंजामहून आलेल्या मुलाचा निघाला. लेबलं छापायची सगळी करामत लिंबायतच्या पोराची. रिपोर्ट एक बाई घरून करत होत्या. माणसं आपल्या ओळी बरोब्बर ओळखतात. शेठ शांतपणे खुणा करत होते, आणि कागद पाहिला तर ती माझीच छापील यादी, पगारवाढीच्या वेळची. शेवटी त्यांनी पेन ठेवलं. शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली, म्हणाले, 1664 ला आणि 1670 ला. ही तिसरी.

दलालीची ओळ मात्र कोणीच ओळखली नाही. प्रत्येकाने वाकून वाचली, बिचारी कोणाची असेल अशा चेहऱ्याने. शेवटी मीच ती दुरुस्त केली, माझ्या किल्लीने सही केली, हुकने हिरवा कंदील दिला. आता ब्लेम लावला की तिच्यापुढे माझं नाव येतं, आणि सही पडताळलेली असते.