आधी वाट ठेवा, मग भराव घाला

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलात शिरतो आणि ठिकठिकाणी जमीन सोडून खांबांवर चढतो. वरून रात्रभर ट्रक धावतात, खालून चितळ, रानडुकरं, रानकुत्री जातात. वाघही जातो. महाराष्ट्राच्या हद्दीत असे लहानमोठे नऊ पूल आहेत, त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा. २०१९ च्या मार्च ते डिसेंबरमध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने त्यांच्याखाली कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. ११ वाघ मिळून ८९ वेळा पार झाले. वाघ कधी पुलाखालून जातो का, हा प्रश्न आता कुणी विचारू नये.

हे पूल सुखासुखी मिळालेले नाहीत. चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, पुलांच्या लांबीवर मीटर-मीटरने घासाघीस झाली. पहिल्याच आराखड्यात ते असते तर रस्ताही लवकर झाला असता आणि जंगलही कोर्टात उभं राहिलं नसतं. ‘पर्यावरणवाल्यांमुळे विकास अडतो’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

आता कोल्हापूरला या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूरू महामार्गावर पाणी आलं, वाहतूक बंद पडली. ट्रकांच्या रांगा लागल्या, शहराचं दूध-पेट्रोल अडलं. पंचगंगेचं पाणी पसरतं त्या सपाटीवर आडवा भराव आहे. तिथला शेतकरी वर्षानुवर्षं एकच सांगतोय: हा भराव काढा, खांबांवर रस्ता न्या, पाण्याला पुढे जाऊ द्या. त्याच्या उसात पाणी किती दिवस तुंबतं हे त्याला कुठल्याही सल्लागार कंपनीपेक्षा चांगलं ठाऊक आहे.

पेंच आणि शिरोली, दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. भरावात मोकळी जागा किती आणि ती कुठे? जंगलातले प्राणी बरेचदा ओढ्या-नाल्याच्या कडेने फिरतात. म्हणजे नाल्यावर बुटकी पाइपची मोरी न टाकता उंच, रुंद गाळा ठेवला, तर त्याच गाळ्यातून पूरही जातो आणि जनावरही. पण आपल्याकडे पुराचं गणित एका टेबलावर होतं, तेही जुन्या पावसाच्या नोंदी धरून, आणि वन्यजीवांची परवानगी दुसऱ्या टेबलावर. दोन्ही फायली एकमेकींना भेटतात तोवर भरावाची माती पडलेली असते. मग मोरी फोडून रुंद करायला दुसरी निविदा. पाऊस आता कधीकधी महिन्याचा दोन दिवसांत कोसळतो. तेवढं पाणी जुन्या मोरीतून जाणार कसं?

हे आजच बोलायचं कारण गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्ग. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. सुमारे २४० किलोमीटरचा हा मार्ग वडसा, नागभीड, मूल असा वाघांच्या भ्रमणमार्गांमधून जातो. याच मार्गावर चिचपल्लीजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. तेव्हा रूळ एकेरी होता. आता शेजारी दुसरा येणार. गाड्या वाढतील, भराव रुंदावेल, बछड्याला ओलांडायचं अंतर वाढेल.

म्हणून रेल्वे आणि वनखात्याकडे साधी मागणी आहे. कुठल्या किलोमीटरला कोणता नाला, तिथे आज मोरी केवढी, उद्या गाळा केवढा, आणि त्यातून कुठलं जनावर जाईल, हा तक्ता मराठीत छापा. नागभीड आणि मूल तालुक्यांतल्या ग्रामसभांपुढे ठेवा. गुराख्यांना विचारा, पाणी कुठे चढतं आणि वाघ कुठे उतरतो. त्यांनी सांगितलेल्या जागा नकाशावर चढवा, तिथल्या गाळ्यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरा, आणि मगच भरावाचा पहिला डंपर रिकामा करा.