घिवलीमार्गे लडाख : एक शास्त्रोक्त मार्गदर्शिका

मोटरसायकलने देश पालथा घालावा, वाटेत डांबर सोडून माती-वाळूत गाडी घालावी आणि जिथे पाणी दिसेल तिथे होडी उतरवून वल्हवत सुटावे, अशी इच्छा माणसाला साधारणपणे पन्नाशीत होते. त्याआधी घराचे हप्ते चालू असतात. बोईसरच्या एका गृहस्थांना ती बावन्नाव्या वर्षी झाली. एमआयडीसीत पाळीची नोकरी, मुलगी पुण्याला शिकायला, डावा गुडघा कुरकुरणारा. ते प्रस्तुत लेखकाचे भावोजी असल्याने त्यांचे नाव येथे देता येत नाही. हा मजकूर ताईच्या हाती पडणारच आहे.

भावोजींचा मुक्काम ठरलेला आहे : लडाख, त्यातही उमलिंग ला, उंची 19 हजार फुटांच्या पुढे. आरंभही ठरलेला आहे : घिवली. अरबी समुद्रात पुढचे चाक बुडवून निघायचे, असा संकल्प आहे आणि त्यांच्या मनात बसलेला किनारा तो. गेल्या तीन वर्षांत चाक अनेकदा बुडाले. एकदा सबंध गाडी बुडाली. पुढील नियम त्या अभ्यासातून सिद्ध झालेले आहेत.

नियम पहिला : पडलेली गाडी आपल्या एकट्याला उचलता आली पाहिजे. गाडी पडेल का, हा प्रश्नच नाही. वाळूत ती पडतेच. भावोजींनी हा नियम गाडी घेतल्यानंतर वाचला. आपल्याकडे मातीच्या रस्त्यासाठी म्हणून गाडी घेण्याची चैन तशी अलीकडची. हिरोने 2011 साली इम्पल्स आणली, लोकांनी तिचे तोंड भरून कौतुक केले आणि घेतली मात्र नाही. मग 2015 मध्ये सी. एस. संतोष हे डाकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले, 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, 2019 मध्ये हिरोची एक्सपल्स 200. त्याआधीची तीस-चाळीस वर्षे दूधवाले राजदूतला दोन्ही बाजूंनी कॅन लटकावून शेताच्या बांधावरून जातच होते. पण त्यांच्या जाकिटावर काही लिहिलेले नसे, म्हणून ते साहस मोजले गेले नाही. हिमालयन दोनशे किलोच्या आसपास भरते, एक्सपल्स दीडशेच्या थोडी वर. भावोजींनी वजनदार घेतली. “जड गाडी रस्ता धरते,” ते म्हणाले. धरते खरी. सोसायटीच्या आवारात पहिल्याच दिवशी तिने रस्ता असा धरला की सोडवायला वॉचमनला बोलवावे लागले.

उचलायची रीत अशी : गाडी गिअरमध्ये टाकावी, हँडल पडल्या बाजूला पूर्ण वळवावे, गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवावे, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागे मागे चालत जावे. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवावा. नाहीतर गाडी उभी राहते आणि पलीकडे पडते. हे भावोजींनी दोनदा करून पाहिले आहे.

नियम दुसरा : सगळे सामान बांधून झाल्यावर घरातल्या बाईमाणसाला दाखवावे आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून निम्मे उतरवावे.

नियम तिसरा हवेचा. रस्त्यावर पंचवीस-तीसच्या घरात असलेली टायरची हवा मऊ वाळूत पंधराच्या आसपास आणावी. टायर पसरतो, पंजा मोठा होतो, गाडी रुतण्याऐवजी तरंगल्यासारखी जाते. त्याहून कमी केली तर ट्यूब आत सरकते आणि वॉल्व्ह उपटतो. वाळूत पुढचा ब्रेक हे विष. पायांवर उभे राहावे, वजन मागे ठेवावे, नजर लांब टाकावी, अॅक्सिलरेटर सोडू नये. चाकाकडे पाहिले की चाक खड्ड्यात जाते. हे संसारालाही लागू आहे असे भावोजी म्हणतात, पण ताई जवळ नसताना. साइड स्टँडखाली नारळाचे एखादे सोडण दाबून ठेवावे, म्हणजे स्टँड खचत नाही. या किनाऱ्यावर सोडण फुकट मिळते. भावोजींनी त्याच कामाची अॅल्युमिनियमची चकती ऑनलाइन मागवली. परत हवा भरायला पंप लागतो. पंप घरी राहतो.

आता होडी. मोटरसायकल आणि वल्हे या जोडीला परंपरा नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला 1952 साल दाखवावे. चे गेव्हारा आणि अल्बेर्तो ग्रानादो हे दोघे 500 सीसीची जुनी नॉर्टन घेऊन अर्जेंटिनातून निघाले. गाडीचे नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलवान. बलवानाने चिलीत प्राण सोडला. पुढे अॅमेझॉनकाठच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीने त्यांना ‘मम्बो-टँगो’ नावाचा तराफा बांधून दिला. त्यावरून त्यांना लेतिसिया या गावी उतरायचे होते. प्रवाहाच्या नादात गाव मागे पडले आणि दुसऱ्या होडीतून उलटे यावे लागले. भावोजी या दाखल्याने फार सुखावतात. त्यातून गाडी बंद पडणे आणि गाव चुकणे याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळते.

भावोजींची होडी हवा भरायची आहे, केशरी रंगाची, गुंडाळली की मागच्या सीटवर वळकटीसारखी बसते. लाइफ जॅकेट अंगात घालायचे असते, होडीला बांधायचे नसते, हे त्यांना पटवायला एक पावसाळा गेला.

नियम पाचवा भरती-ओहोटीचा. तो सर्वांत महत्त्वाचा, आणि एका पौर्णिमेला सिद्ध झाला. (चौथा नियम अणुविद्युत केंद्राबद्दल आहे. देशातले हे पहिले केंद्र, 1969 पासून चालू, घिवलीच्या शेजारीच आहे. त्या दिशेला होडी नेऊ नये, ड्रोन उडवू नये, फोटोही काढू नये. यात विनोद नाही.)

सकाळचे सात. पाणी लांब गेलेले, ओली वाळू फरशीसारखी टणक. भावोजींनी गाडी थेट पाण्यापासून पन्नास पावलांवर नेऊन लावली. वर एक मावशी बोंबील वलांडीवर टाकत होत्या. त्यांनी हात न थांबवता आवाज दिला, “भाऊ, गाडी वर घे, पाणी भरतंय.” भावोजींनी मोबाइल उंच करून दाखवला. त्यावर भरतीची वेळ सहा होती. म्हणजे भरती होऊन गेली, आता ओहोटी. मावशी एकदा समुद्राकडे आणि एकदा मोबाइलकडे पाहून पुन्हा बोंबलांकडे वळल्या. ते अॅप ग्रीनिचची वेळ दाखवत होते, हे दुपारी कळले. साडेपाच तासांचा फरक. भरती साडेअकराची होती.

पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी उलटा, तो खारा. हा धडा सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला असतो आणि परीक्षेत सोडून दिलेला असतो. मतलई वाऱ्यावर हवेची होडी पिसासारखी पुढे जाते. भावोजी चार वल्ही मारून बरेच आत गेले आणि ते आपल्या दंडाचे बळ समजले. वळल्यावर वाऱ्याने हिशेब मागितला. अर्धा तास झगडून ते किनाऱ्याशी आले ते खडकांवर, आणि खडकांवर असतात कालवं. कालवाच्या शिंपीची धार ज्याने तळपायाला चाखली आहे त्याला जास्त सांगायला नको. केशरी होडीने एक लांब सुस्कारा सोडला.

तोवर इकडे पाणी चढत होते. भरतीच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या चालीने येत नाही. पहिल्या तासात ते लाजते, मधल्या दोन तासांत निम्मे चढते, शेवटी पुन्हा मंदावते. त्यात पौर्णिमेचे उधाण. मुंबई महापालिका पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस आधी जाहीर करते. खंभातच्या आखाताकडे जावे तसा हा चढउतार वाढत जातो, आणि भावनगरला तो दहा मीटरच्या पुढे जातो. पालघरचा किनारा त्याच वाटेवर आहे. साडेनऊला लाटा गाडीच्या इंजिनाला लागल्या. अॅल्युमिनियमच्या चकतीने आपले काम चोख केले : स्टँड खचला नाही, पण चाकाखालची वाळू निघून गेली आणि गाडी समुद्राकडे तोंड करून आडवी झाली. चाक बुडवण्याचा संकल्प हँडलपर्यंत पूर्ण झाला.

पाच जणांनी जाळ्याचा दोर बांधून ती ओढून काढली. कोणी हसले नाही. त्यातल्या एका वयस्क काकांनी दोर गुंडाळत विचारले,

“कुठे निघालात?”

“लडाखला.”

काकांनी थोडा विचार केला. “मग इकडून कशाला?”

बुडालेली गाडी लगेच चालू करू नये. स्टार्टर मारण्याचा मोह हाच खरा घातक. प्लग काढावा, सिलिंडरमधले पाणी बाहेर फेकावे, एअर फिल्टर सुकवावा, ऑइल पाहावे. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर बदलावे, आणि दोनदा बदलावे. त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी धुवावी, चेन डिझेलने साफ करून तेल द्यावे. मिठाला सुटी नसते. मेकॅनिकला खरे सांगावे. भावोजींनी “पावसात भिजली” असे सांगितले. मेकॅनिकने चेन-कव्हरमधून एक जिवंत खेकडा काढून टेबलावर ठेवला.

त्या दिवसापासून प्रस्तुत लेखक अॅप न पाहता पंचांग पाहतो. रीत जुनी आहे : तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्येलाही पंधराच धरावेत. गावागावाप्रमाणे पाऊण तास इकडेतिकडे होतो. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी कमी चढते आणि कमी उतरते. होडी शिकायला भांगाचे दिवस बरे. खाडीत वल्हवायचे तर भरतीबरोबर आत जावे, ओहोटीबरोबर परतावे. उलट केले की तिवरांच्या चिखलात मुक्काम. आणि 1 जूनपासून मासेमारीच बंद असते. जन्म समुद्रात काढलेली माणसे होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा केशरी होडी काढणाऱ्याने आपल्याला त्यांच्याहून जास्त काय कळते याचा विचार करावा.

भावोजींना पंचांग मान्य नाही. त्यांना वेळापत्रक लागते, म्हणून त्यांना कोलाडची कुंडलिका आवडते : भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सकाळी पाणी सुटते, राफ्ट निघतात. कारखान्यासारखे शिस्तीचे पाणी. समुद्रालाही वेळापत्रक आहे, फक्त ते चंद्राने लावलेले आहे आणि मावशींना पाठ आहे, एवढेच त्यांना सोसत नाही.

दुसऱ्या प्रयत्नात भावोजी घिवलीहून निघून बोईसर, चिल्हार फाटा, मनोर असे करत जव्हारपर्यंत पोचले. दाभोसा धबधब्याच्या डोहात होडी उतरवली. तिला पाच ठिगळे होती आणि ती उत्तम तरंगली. मातीच्या रस्त्यात मात्र ते उभे राहून, नजर लांब टाकून, अगदी शास्त्रशुद्ध चालले असताना मागून हॉर्न वाजला. पाठीला सॅक आणि पुढे लसींचा डबा घेतलेल्या एक आरोग्यसेविका स्कूटीवरून त्यांना ओलांडून पुढच्या पाड्याकडे गेल्या. भावोजींनी रस्त्याकडेला थांबून पाणी प्यायले. घरी येऊन पहिल्यांदा त्यांनी पेट्या उतरवल्या आणि आपण होऊन निम्मे सामान काढले. ताई काही बोलली नाही, फक्त चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती.

गेल्या रविवारी ते एकटेच घिवलीला जाऊन आले, मावशींकडून सुके बोंबील घेतले आणि, ताईच्या म्हणण्याप्रमाणे, पाऊण तास गप्पा मारल्या. काय बोलले ते सांगत नाहीत. मोबाइलमधले अॅप मात्र अजून आहे.

लडाखचा तिसरा आरंभ येत्या षष्ठीला आहे. सहाची पाऊणपट साडेचार. भावोजींनी चाक बुडवायची वेळ चारची ठरवली आहे. या वेळी दोर आम्ही घरून नेतो आहोत.