जॅझ ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस कसे व्हावे? (नवशिक्यांसाठी)

साहित्य : न्यू ऑर्लिन्स शहर, १९६१ सालचा जन्म, पियानो वाजवणारे व शिकवणारे वडील, सॅक्सोफोनवाला थोरला भाऊ. यातले काही घरात नसेल तर पुढची कृती निव्वळ करमणूक म्हणून वाचावी.

सहाव्या वर्षी ट्रम्पेट मिळवावा. विकत घेऊ नये. वडील ज्याच्या बँडमध्ये वाजवतात त्या अल हर्टनेच तो द्यावा. शेजारी ट्रम्पेटचा दिग्गज माइल्स डेव्हिस बसलेला असावा आणि त्याने पोराला हे वाद्य देऊ नका, फार अवघड आहे, असे बजावावे. मग काही वर्षे ट्रम्पेट धूळ खात ठेवावा. बाराव्या वर्षी झपाटून रियाजाला लागावे. चौदाव्या वर्षी हायडनचा कॉन्चेर्टो शहरातल्या फिलहार्मॉनिकसोबत वाजवावा.

ट्रम्पेटचे तीनच खटके पाहून हुरळू नये. खटके नळीची लांबी तेवढी बदलतात. सूर ओठांच्या थरथरीतून निघतो. खटके तेच ठेवून केवळ ओठांनी चार-पाच सूर काढायचे असतात. शेजाऱ्यांना हे समजावत बसू नये, त्यांना ते ऐकूच येत असते.

सतराव्या वर्षी न्यूयॉर्कचे ज्युलियर्ड संगीत विद्यालय गाठावे, १९८० मध्ये जॅझ ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या बँडमध्ये शिरावे. पुढे एकाच वर्षी जॅझ आणि पाश्चात्य शास्त्रीय अशी दोन्हीकडची ग्रॅमी घ्यावीत, आणि लोकांनी नशीब म्हणू नये म्हणून पुढल्या वर्षी तेच करावे. यानंतर उत्तम सूट शिवून, खरा जॅझ कोणता हे माइल्ससारख्या ज्येष्ठांनाही ऐकवावे. १९८६ मध्ये व्हँकुव्हरला न बोलावता माइल्सच्या मंचावर चढावे. तो बँड थांबवून हाकलून देईल. दोघांपैकी बरोबर कोण, यावर आजही भांडता येते. मी माइल्सच्या बाजूने.

लिंकन सेंटरचा जॅझ विभाग आणि १९९७ चे पुलित्झर (जॅझला मिळालेले पहिले) ही कामे सवडीने उरकावीत.

शेवटची पायरी अवघड. २००१ चा ऑगस्ट, न्यूयॉर्क, व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबचे तळघर. संथ विरहगीत एकट्याने वाजवत अगदी अखेरच्या दोन सुरांपर्यंत यावे. नेमका तिथे कुणाचा तरी मोबाइल वाजेल. लोक हसतील, कुजबुजतील. रागावू नये. ती रिंगटोन जशीच्या तशी ट्रम्पेटवर वाजवावी, मग फिरवून, मग पट्टी बदलून. हळूहळू लय उतरवत मूळ गीतात यावे आणि राहिलेले दोन सूर लावून टाकावेत.

हे जमेपर्यंत श्रोत्यांना फोन बंद ठेवायला सांगितलेले बरे.